तुटक्या कोपऱ्याची स्लाइड

माझी धाकटी बहीण महाहट्टी आहे. हे मी तिच्या तोंडावर सांगते, त्यामुळे तुम्हाला सांगायला मला कसली चोरी? आम्ही दोघी एकाच घरात राहतो. खाली माझं कपडे दुरुस्तीचं दुकान, वर दोन खोल्या. मी बाह्या आखूड करते, चेन बदलते, लोकांची पोटं वाढली की त्यांच्या पँटी सैल करून देते. धाकटी कॉलेजात जीवशास्त्राच्या प्रयोगशाळेत मदतनीस आहे. पंचवीस वर्षं तिने तिथल्या काचा धुतल्या, मायक्रोस्कोप पुसले, बरण्यांतल्या बेडकांवरचं औषध बदललं. कॉलेजात तिला सगळे मावशी म्हणतात, तिच्याहून वयाने मोठे असलेले प्राध्यापकसुद्धा.

सहा वर्षांपूर्वी एकदा जेवताना म्हणाली, "ताई, बी.एस्सी.ला नाव घातलं."

"कुणाचं?"

"माझं."

माझा घास हातातच राहिला. सदतीस वर्षांची बाई! मी म्हटलं, "अगं, चष्मा कुठे ठेवलाय ते तुला आठवत नाही, आणि बेडकाच्या नसा पाठ करणार?" ती म्हणाली, "चष्मा पुस्तकात नसतो, नसा असतात." असं उत्तर देणाऱ्या माणसाशी काय भांडायचं? खरं सांगायचं तर मी भांडले नाही ते दुसऱ्याच कारणाने. बारावी सायन्सला ती चांगल्या मार्कांनी पास झाली होती. तेव्हा घरात कुणीतरी कमावणं भाग होतं आणि मी नुकतीच मशीनवर बसायला लागले होते, माझ्या शिवणीला कुणी विचारत नव्हतं. म्हणून तिने शिक्षण सोडलं. कधी बोलून दाखवलं नाही तिने, पण माझ्या मनाला ते लागून राहिलं होतं.

प्रयोगशाळेच्या प्रमुख बाईंनी परवानगी दिली. सकाळी वर्गात बसायचं, दुपारपासून काम करायचं. पहिल्या दिवशी ती वर्गात गेली तर सगळी मुलं तिला फळ्याकडे जायला वाट देऊ लागली. त्यांना वाटलं, मावशी फळा पुसायला आल्या. ही पहिल्या बाकावर जाऊन बसली आणि वही काढली. घरी येऊन सांगताना ती हसत होती, पण कान लाल झालेले मला दिसले.

नियम असा होता की नाव घातल्यापासून सहा वर्षांत डिग्री पुरी करायची, नाहीतर नाव कट. आम्ही म्हटलं, तीन वर्षांचं काम, सहा म्हणजे चैन आहे. पण केमिस्ट्रीने तिला दोनदा आपटलं, मग एक वर्ष माझं गुडघ्याचं ऑपरेशन आलं. बघता बघता सहावं वर्ष उजाडलं. लेखी पेपर सगळे सुटले होते. राहिली होती फक्त शेवटची प्रात्यक्षिक परीक्षा, शंभरपैकी चाळीस हवे. त्यात नापास झाली असती तर सहा वर्षं पाण्यात.

अभ्यासाला मीही जुंपले गेले. दुकान उघडायच्या आधी ती चहा घेत बोलायची आणि मी पुस्तक धरून तपासायचे. मला ओ की ठो कळायचं नाही. आतड्याच्या धड्याला तर मी हात टेकले. लहान आतड्याचा पहिला भाग, शेवटचा भाग, दोन्हींची चित्रं मला सारखीच दिसायची. ती म्हणाली, "आतून चुण्या आहेत दोन्हींना. पण पहिल्या भागात चुण्यांच्या खाली, अस्तरात, ग्रंथींचे पुंजके असतात. शेवटच्या भागात त्या ग्रंथी नसतात, तिथे पेशींचे मोठे ठिपके असतात." चुण्या आणि अस्तर म्हटल्यावर मला एकदम उजेड पडला. "असं सांग ना सरळ!" म्हटलं, आणि एका जुन्या कोटाच्या दोन बाह्या उलट्या केल्या. दोन्हींत आतून चुण्या घातल्या. एकीच्या अस्तराखाली बारीक बटणं दाटीने शिवली, दुसरीच्या अस्तराखाली कापडाचे जाड गोल ठेवले. धाकटी डोळे मिटून बाहीत हात घालायची आणि सांगायची, हा पहिला, हा शेवटचा. पंधरा दिवसांत ती एकदाही चुकली नाही. माझं स्वतःचं आतडं कुठे सुरू होतं हेसुद्धा मला तेव्हाच कळलं.

परीक्षेची तऱ्हा अशी. टेबलांवर वीस मायक्रोस्कोप मांडलेले असतात, प्रत्येकाखाली एक स्लाइड. विद्यार्थ्याने बघायचं, काय आहे ते ओळखायचं, कारण लिहायचं. घंटा वाजली की पुढच्या टेबलावर. या स्लाइडी एका वेगळ्या पेटीत असतात आणि ती पेटी वर्षातून एकदा परीक्षेलाच उघडते. परीक्षा झाली की धाकटीने त्या पुसायच्या आणि पेटी बंद करायची. या वर्षी ती स्वतःच परीक्षेला बसलेली, म्हणून मांडामांड दुसऱ्यांनी केली.

परीक्षा देऊन ती दुकानात आली आणि स्टुलावर बसली. मी विचारलं, "कसं झालं?" तर म्हणाली, "बरं." तिचं 'बरं' मला ओळखू येतं. पण समोर गिऱ्हाईक उभं होतं.

दुसऱ्या दिवशी अकरा वाजता मार्क लागले. अडतीस. सातव्या प्रश्नाला, तीन मार्कांच्या, मोठ्ठा भोपळा. हरकत घ्यायची तर चार वाजेपर्यंत, कारण त्यानंतर बाहेरगावचे परीक्षक पाकीट बंद करून निघून जाणार होते. आणि ही बाई हरकत घ्यायची सोडून माझ्या दुकानात येऊन बसली!

"सातवा कसला होता?" मी विचारलं.

"आतडं."

"काय?" मी हातातली कात्री खाली ठेवली. "बाहीचं आतडं? ते चुकलीस?"

"चुकले नाही. ती तुटक्या कोपऱ्याची स्लाइड होती, ताई. वर लेबल आहे शेवटचा भाग म्हणून. परीक्षेत लेबलावर कागद चिकटवतात, पण तो कोपरा सगळ्यांना माहीत आहे. तुटका कोपरा म्हणजे शेवटचा भाग, हे पोरं एकमेकांना वर्षानुवर्षं सांगत आलीत. मी पंचवीस वर्षं ती स्लाइड पुसली, पण भिंगाखाली काल पहिल्यांदा बघितली. खाली ग्रंथीच ग्रंथी! तुझी बटणं! तो पहिला भाग आहे."

"म्हणजे ते काय उत्तर धरणार हे तुला माहीत होतं?"

"होतं."

"आणि तरी तू दुसरंच लिहिलंस?"

"दिसलं ते लिहिलं."

मला असा राग आला म्हणून सांगू! सहा वर्षं जिवाचं रान केलं आणि शेवटच्या दिवशी हिला सत्यवादी व्हायचं सुचलं. मी वाट्टेल ते बोलले. हात दाखवून अवलक्षण, पायावर धोंडा, काही म्हणून सोडलं नाही. तिने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "ते लेबल मीच लावलंय, ताई."

नोकरीचा पहिला महिना होता. कुणी सांगितलं नाही म्हणून हिने परीक्षेच्या पेटीतल्या स्लाइडी गरम साबणपाण्यात घातल्या. दोन स्लाइडींची लेबलं सुटून लगदा झाला, दोन्ही आतड्याच्याच. हिची घाबरगुंडी उडाली. यादीत नावं होती, पण कुठलं कुठलीचं ते कळेना. म्हणून हिने अंदाजाने नवी लेबलं लिहिली आणि चिकटवली. लेबलाच्या खाली 'ओळखणाऱ्याची सही आणि पदवी' अशी एक ओळ असते. ती हिने कोरी सोडली, कारण हिच्याकडे पदवी कुठे होती? नंतर कुणी त्या ओळीकडे बघितलंही नाही.

"पंचवीस वर्षं पोरं माझ्यामुळे चुकीचं शिकली," ती म्हणाली आणि रडायला लागली. "आता हे सांगितलं तर नोकरी जाईल."

मी म्हटलं, "मग लेबलाचं सांगू नकोस. नुसतं म्हण, भिंगातून बघा. बघतील, मार्क देतील, विषय संपला."

"आणि जोडीची दुसरी स्लाइड? तिच्यावरही उलटंच लेबल आहे. ती तशीच राहू देऊ?"

घड्याळात दोन वाजून गेले होते. मी दुकानाला कुलूप लावलं. खुंटीवरच्या दोन्ही बाह्या पिशवीत कोंबल्या, का ते मलाही माहीत नव्हतं. गुडघा कुरकुरत होता, तरी तिला हाताला धरून कॉलेजपर्यंत ओढत नेलं.

प्रयोगशाळेत प्रमुख बाई आणि परीक्षक कागद लावत बसले होते. परीक्षक म्हणजे मिनिटामिनिटाला घड्याळ बघणारा माणूस. धाकटीने हरकत सांगितली. ते हसले. "अहो, एकोणचाळीस मुलांनी शेवटचा भाग लिहिलंय. काहींनी तर पेशींचे ठिपके स्पष्ट दिसतात असंही लिहिलंय. एकट्या तुम्हीच वेगळं लिहिलंत."

मला राहवेना. मी म्हटलं, "साहेब, एकोणचाळीस जणांनी कोपरा बघितला. तुम्ही जरा भिंगातून बघा की! त्याला काय दिवस जातो?"

"या कोण?"

"मी हिची ताई. मी आतडी शिवते."

प्रमुख बाईंना हसू आवरलं नाही, पण त्यांनी पेटी उघडली. परीक्षकांनी स्लाइड लावली, डोळा लावला, चक्री फिरवली. परत फिरवली. घड्याळ बघायचं विसरले. मग मान वर न करताच म्हणाले, "बाई, जरा इकडे या." प्रमुख बाईंनी बघितलं आणि चष्मा काढून हातात धरला. ग्रंथी होत्या. भरपूर होत्या.

"मग या पोरांना ठिपके कुठे दिसले?" परीक्षक म्हणाले.

"पुस्तकात," प्रमुख बाई म्हणाल्या.

इथेच सगळं मिटलं असतं. एकेचाळीस झाले होते, पास झाली होती. मी तिला कोपराने ढोसलं, चल म्हटलं. पण ऐकेल तर ती धाकटी कसली! ती म्हणाली, "बाई, अजून एक सांगायचंय." आणि उभ्या उभ्या सगळं सांगून टाकलं. साबणपाणी, लगदा, अंदाज, कोरी ओळ, काही ठेवलं नाही. "दुसरी स्लाइडही बघा," म्हणाली, "आणि मुलांचे मार्क कापू नका. चूक माझी आहे."

परीक्षकांनी दुसरी लावली. ठिपके होते, एकोणचाळीस जणांनी लिहिले होते तसेच, पण या स्लाइडीत. सगळे मार्क गेले तरी चालतील, पण हिची नोकरी राहू दे, असं मी मनात म्हणत होते.

प्रमुख बाईंनी दोन्ही स्लाइडी शेजारी शेजारी ठेवल्या. "मी बारा वर्षं इथे आहे, मावशी," त्या म्हणाल्या. "बारा परीक्षा घेतल्या. या दोन स्लाइडी मी दरवर्षी लावायला सांगितल्या आणि एकदाही बघितल्या नाहीत. तुम्हाला काय बोलू?" मग खण उघडून त्यांनी दोन कोरी लेबलं काढली आणि पेन पुढे केलं. "घ्या. नीट लिहा."

मला वाटलं, आता ही पटकन लिहून मोकळी होईल. छे! तिने पेन खाली ठेवलं, पहिली स्लाइड लावली आणि डोळा लावून बसली.

"अगं, आता काय बघतेस?" मी म्हटलं. "सगळ्यांनी बघितलं ना!"

"मागच्या वेळी न बघता लावलं होतं, ताई."

दोन्ही स्लाइडी तिने अगदी सावकाश बघितल्या. मग लेबलं लिहिली, तिच्या त्या गोल अक्षरात. खालच्या ओळीपाशी आल्यावर तिचा हात थांबला. तिने प्रमुख बाईंकडे बघितलं, मग परीक्षकांकडे.

परीक्षकांनी मार्कांच्या कागदावर अडतीस खोडून एकेचाळीस केले, बाकीच्या मुलांचे मार्क तसेच ठेवले, बाजूला सही केली आणि पाकीट चिकटवलं. "लिहा ना," ते म्हणाले. "सही आणि पदवी. कशाला थांबलात?"

तिने सही केली आणि पुढे लिहिलं, बी.एस्सी. दोन्ही लेबलांवर लिहिलं. तिचे डोळे भरून आले, तशी मी भर प्रयोगशाळेत पिशवीतली एक बाही काढली आणि त्या बाहीने तिचे डोळे पुसले. बटणांची होती की गोलांची, ते मी बघितलं नाही. धाकटी माझ्याकडे वळून म्हणाली, "पहिला भाग आहे, ताई. गालाला टोचतोय."