काकांची बोट आणि महादेवाची अर्धी फेरी

"आज हे जहाज बुडलं ना, त मी अख्ख्या गल्लीत पेढे वाटते," तळ्याच्या घाटावर माझ्या मागच्या पायरीवर बसलेली काकू शेजारणीला म्हणाली. आणि त्याच जहाजाच्या पूजेसाठी तिने शांतपणे कुंकू कालवायला घेतलं.

काकूचं चुकत नव्हतं. याआधी काकांनी कंदिलावर चालणारी, अंडी उबवायची पेटी केली होती. तिच्यातून उकडलेली अंडी निघाली! त्यामुळे या वेळी काकूने बजावलं होतं, "चाललं त चाललं. नाही त तुमची थे खोली झाडून सारं मोडवाल्याले देऊन टाकीन!"

काकांच्या उद्योगांच्या त्या खोलीवर माझाही जीव होता. अख्ख्या घरात तेवढ्याच एका जागी मला कुणी बोलायचा आग्रह करत नसे. नागपूरच्या इंग्रजी शाळेतून शिकून आल्यामुळे, इंग्रजीत छापलेलं सगळं मला कळतं असा काकांचा ठाम समज होता. (मला कविता आणि विणकाम शिकवलं होतं.) तरी विलायती मासिकातला बोटीचा नकाशा मी शब्दकोश घेऊन वाचला आणि चहाच्या खोक्यांच्या पातळ फळ्यांतून अडीच फुटांची शर्यतीची बोट उभी राहिली. तिच्या पोटात मुंबईहून मागवलेलं मुठीएवढं इंजिन, काकूच्या साबणाच्या डबीत मेणाने बंद केलेला, काठावरच्या बटणाचा इशारा झेलणारा रेडिओ आणि वर छत्रीच्या काडीची एरियल. इंजिनाला रॉकेल, ईथर आणि एरंडेल लागे. दोन महिने आमच्या घराला आजारी मुलाचा वास येत होता!

शर्यतीची बोट म्हटल्यावर शर्यत हवी. वाशीममध्ये दुसरी बोट नव्हती, म्हणून तालमीतला पट्टीचा पोहणारा शेषराव उभा केला. मार्ग काकूने ठरवला. तळ्याच्या मधोमध ओट्यावर महादेवाची पिंड आहे. "शर्यत लावाची त देवाच्या फेरीचीच लावा," काकू म्हणाली. महादेवाची फेरी म्हणजे अर्धी. अभिषेकाचं पाणी जिथून बाहेर पडतं तिथपर्यंत जायचं आणि आल्या वाटेने परत फिरायचं. ते ओलांडलं की पाप!

"त्यात काय मोठं?" काका म्हणाले. "बटन दाबलं का बोट फिरते!"

फिरायची, पण पाळीपाळीने. एकदा बटण दाबून धरलं की डावीकडे, सोडलं की सरळ, पुढच्या वेळी उजवीकडे. बोटीला डावं-उजवं कळत नव्हतं, फक्त पाळी कळत होती. हे नकाशाच्या तळाशी बारीक अक्षरांत होतं आणि मी काकांना तीनदा सांगितलं होतं. (अर्थात, माझ्या आवाजात.)

शर्यतीच्या दिवशी नारळ फुटला, इंजिन धडधडलं. बोट अशी सुटली की घाटावरची माणसं उठून उभी राहिली. काकूसुद्धा!

"पाह्य, पाह्य, कशी पयते!" काका बटणाचं पेटीएवढं यंत्र गळ्यात अडकवून नाचत होते. बोटीने शेषरावाला मागे टाकलं, पिंडीला वळसा घातला, पाण्याच्या वाटेपाशी आली... आणि काकांनी घाईघाईत बटण एकदाच्या जागी दोनदा दाबलं. डावीकडची पाळी वाया गेली. बोट उजवीकडे वळली आणि थेट ओलांडून गेली.

"ओलांडलं!" घाट ओरडला.

"अवो, वापस फिरवा ना!" काकू किंचाळली.

काकांनी पुन्हा बटण दाबलं. दोनदा! बोट पुन्हा उजवीकडे. दुसरी फेरी. "काका, एकदाच दाबा," मी म्हणाले. माझ्या पदरालाही ते ऐकू गेलं नसेल. तिसरी फेरी. चौथी. शेषरावाने नियम पाळून परत फिरायचं ठरवलं, तर बोट समोरून अंगावर आली. तो उडी मारून ओट्यावर चढला आणि पिंडीला खेटून बसला. आता बोट त्याच्याही प्रदक्षिणा घालू लागली!

"पकड गा तिले!" काका ओरडले.

"कशी पकडू? पंखा हाय तिले, बोटं जातीन माही!"

"बंद करा हो ते!" काकू.

"बंद होत नाही! तेल सरलं का थांबते!"

"किती तेल घातलं?"

"टाकी भरून!"

काकूने कपाळावर हात मारला. "शेषराव, तो बांबू घे अन् हान तिच्या डोक्शात! पाप वाढून राह्यलं आमच्या घराचं!"

शेषरावाने ओट्यावरच्या झेंड्याचा बांबू उपसला आणि दोन्ही हातांनी डोक्यावर उगारला. मला बोट दिसेना. मला ती खोली दिसली, रिकामी, झाडून पुसून लख्ख. मी छाती भरून श्वास घेतला आणि जन्मात पहिल्यांदा, इंजिनाच्या वर जाईल असा आवाज काढला.

नेमकं त्याच क्षणी तेल सरलं. तळं चिडीचूप झालं. शेषरावाचा बांबू हवेतच राहिला, त्यामुळे बोट वाचली. खोलीही वाचली, कारण त्यानंतर काकूला मोडवाल्याची आठवणच झाली नाही. वर्षभर ती फक्त माझ्याबद्दल बोलत होती. घाटभर पसरलेल्या त्या शांततेत, गरीब स्वभावाची आणि चांगल्या वळणाची म्हणून नावाजलेली मी, खणखणीत आवाजात म्हणाले होते:

"महादेवाचं राहू द्या हो, आधी आमची बोट वाचवा!"