कौसल्याआत्याची झडती

सुप्याच्या जुन्या तेलगिरणीचं पुण्याच्या केयूरसाहेबांनी हॉटेल केलं. पेंडीच्या गोदामात झकास खोल्या काढल्या आणि वर आमच्या कौसल्याआत्याला कामावर घेतलं. हात दाखवून अवलक्षण, दुसरं काय! तीस वर्षं आत्यानं तिथंच शेंगा फोडल्या होत्या. आता नऊवारी नेसून पाहुण्यांसमोर तेच करायचं. मी रिसेप्शनला होते.

पहिल्याच दिवशी तिनं भिंतीवरचा फोटो बघितला. शेंगांच्या ढिगाशी बसलेल्या आठ बायका, त्यात ती. खाली पाटी होती, ‘अनामिक कामगार स्त्रिया’.

“अनामिक म्हंजी गं?”

“ज्यांची नावं माहीत नाहीत त्या.”

“आगं बया! मग माझा बाप मला काय शीळ घालून बोलवायचा व्हय? नावं लिवा म्हणावं आमची!”

साहेब म्हणाले, “आजी, असू दे ना गूढ. आपल्याला सगळं अस्सल ठेवायचंय, जसं होतं तसं.”

“जसं हुतं तसं? बरं.” आत्या गोड हसली. ते हसू मी चांगलंच ओळखून होते.

रविवारी पाहुणे निघाले, तर ही फाटकात आडवी उभी. “गिरणीचा नेम हाय. सुट्टी झाली की झडती. आमी रोज ओटी झाडून दावायचो, मगच घरी.”

लोकांना मजा वाटली. हसत हसत बॅगा उघडल्या. एका गॉगलवाल्या बाईंच्या बॅगेतून हॉटेलचे दोन टॉवेल निघाले आणि पितळी तांब्या!

“मी कोण आहे माहितीये का?” बाई कडाडल्या.

“न्हाय बा. आमालाबी कोण वळखत नव्हतं. पर तीस वर्सांत ओटीतनं एक शेंग निघाली न्हाय.”

केयूरसाहेब घाम पुसत धावत आले. “आजी, हात जोडतो! नावं सांगा, आजच पाटी लावतो.”

आत्या ऐटीत फोटोपुढं गेली. “ही छकुली. ही अनसूया. ही मी…” सात नावं झाली. आठव्या चेहऱ्यावर बोट थांबलं.

“ही माझ्या शेजारीच बसायची. माहेर पणदऱ्याचं. रोज माझ्या डब्यातलं लोणचं खायची…” नाव काही आठवेना. एवढी भांडकुदळ आमची आत्या, पण तिचे डोळे भरून आले. मला फार वाईट वाटलं.

“राहू द्या आजी,” साहेब हळूच म्हणाले. “सात लावू.”

“गप बसा! उद्या पणदऱ्याला जाती मी. हिचं नाव घावंस्तवर माझंबी लावायचं न्हाय.”