डॉक्टर, पहिल्यांदाच

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. नवऱ्यालाही नाही. वाडीत मला सगळे फटकळ म्हणतात – आणि ही एक गोष्ट मात्र ओठांवर येते आणि तिथूनच मागे फिरते. भीती वाटते. अजूनही वाटते.

माझ्या मुलीचं, पल्लवीचं, लग्न ठरायच्या आधी तिला एका डोळ्याने धूसर दिसू लागलं होतं. इंजेक्शनं घेतली, बरं झालं. डोळ्यांचे डॉक्टर म्हणाले, एकदा मेंदूच्या डॉक्टरांना दाखवून घ्या. नेमकं तेव्हाच स्थळ आलं. मुलगा बुटीबोरीला कंपनीत, माणसं चांगली. मेंदूचं नाव निघालं असतं तर कोण थांबलं असतं? मी गप्प बसले. तिलाही बसवलं.

लग्नानंतर वर्षभरात तिचा उजवा हात लुळा पडला, जीभ जड झाली. रामदासपेठेतल्या डॉक्टरांनी एमआरआय पाहिला. म्हणाले, गाठ वाटते – पण मेंदूतल्या नसांवरचं आवरण सुजलं तरी कधीकधी असंच दिसतं. तो आजार पुन्हा पुन्हा डोकं वर काढतो. म्हणून विचारतो, आधी कधी डोळ्यांना, हातापायांना काही झालं होतं?

शेजारी विहीणबाई होत्या. पल्लवीने कसंबसं तोंड उघडलं. मी तिचा हात दाबला, चांगला जोरात, आणि म्हणाले, "नाही डॉक्टर. पहिल्यांदाच."

तिची कवटी उघडली. तुकडा काढून तपासला. गाठ नव्हतीच – सूज होती, औषधाने उतरणारी. ऑपरेशननंतर तिला झटके येऊ लागले. विहीणबाई अजून डॉक्टरांच्या नावाने बोटं मोडतात, "काहून उघडलं जी त्यानं पोरीचं डोकं?" मी मान हलवते. काय म्हणाल मला?

आणि एवढ्यावर संपलं असतं तर! घरी सोडताना डॉक्टर म्हणाले, पहिलीच वेळ आहे, तर या आजाराची कायमची औषधं इतक्यात नकोत. काही नवं जाणवलं तर लगेच या. सगळ्यांना हायसं वाटलं. ही दुसरी वेळ आहे, हे त्या खोलीत मला ठाऊक होतं, पल्लवीला ठाऊक होतं. तेव्हाही मी बोलले नाही.

काल तिचा फोन आला. "आई, पाय बधिर होऊन राहिले वं. घरी सांगू का?"

मी म्हणाले, "थंडी आहे वं. मोजे घाल."

ती "बरं" म्हणाली.