वरच्यांचा गुरुवारचा फोन

एवढा संशयी आणि एवढा भोळा माणूस एकाच बुशशर्टात मावलेला मी आयुष्यात दुसरा पाहिला नाही. बेंगळुरूतल्या आमच्या राजाजीनगरच्या घरात वरच्या दोन खोल्यांत ते सहा वर्षं भाड्याने राहिले. मूळचे नागपूरचे, चाळिशी उलटलेली, लग्न राहून गेलेलं. नाव सांगत नाही, कारण कुणाचं नाव घ्यायचं नाही ही त्यांचीच शिकवण. आम्ही आपले त्यांना 'वरचे' म्हणायचो.

त्यांचं काम काय, हे कळायला मला वर्ष लागलं. दूर डोंगराळ मुलखात, जिथे वर्षानुवर्षं बंदुका चालू आहेत, तिथे टोळ्या आणि साहेबलोक मिळून रस्त्यावरच्या ट्रकवाल्यांकडून कसे पैसे उकळतात, याचा ते अभ्यास करत. बंदोबस्तासाठी बसवलेली चौकीच वसुलीचा नाका कशी होते, असलं काहीतरी. इथल्या एका संस्थेत नोकरीला होते. वर्षातून तीन-चारदा एक पिशवी घेऊन देवनहळ्ळीच्या विमानतळाकडे निघायचे आणि महिन्याने वाळून परत यायचे. आमचे हे शेजाऱ्यांना सांगायचे, ''ट्रान्सपोर्टमध्ये आहेत.'' ते काही अगदीच खोटं नव्हतं.

हा अभ्यास त्यांच्या अंगात इतका भिनला होता की घरीदारीही सुटायचा नाही. आमचा प्लंबर त्यांच्या वहीत 'सूत्र क्रमांक दोन' होता आणि आमचे हे 'स्थानिक ज्येष्ठ नागरिक'. एकदा त्यांच्या आईशी फोनवर माझी ओळख करून देताना म्हणाले, ''आई, या घरमालकीणबाई, नाव सांगत नाही.'' पलीकडून म्हातारी म्हणाली, ''अरे बाप्पा, मग मी हाक काय मारू त्यांना?'' त्या दिवसापासून त्या मला 'मालकीणबाई' म्हणतात. आणि एक प्रश्न त्यांच्या तोंडी कायमचा बसलेला होता. कुणीही काहीही मागितलं की ते अगदी नम्रपणे विचारायचे, ''आणि नाही दिलं तर?'' गणपतीची वर्गणी मागायला मंडळाचे लोक आले, त्यांनाही हेच. मग एक जण म्हणाला, ''एनिल्ला सर, काही नाही. नाही दिलं तरी प्रसादाला या.'' वरच्यांनी वहीत 'धाक आढळला नाही' असं लिहिलं आणि दुप्पट वर्गणी दिली.

पण कोथिंबिरीची गोष्ट याच्या वरताण. कोपऱ्यावर फुटपाथवर एक बाई भाजी घेऊन बसते. वरच्यांनी तिच्यासमोर उकिडवं बसून, वही उघडून, मोडक्यातोडक्या कन्नडमध्ये विचारलं, इथे बसायचे पैसे तू कुणाला आणि किती देतेस? बाईला वाटलं, हाच नवीन आला वसुलीला. तिने हात जोडले आणि कोथिंबिरीच्या चार जुड्या त्यांच्या पिशवीत कोंबल्या. पैसे काही घेईना. वरचे पांढरेफटक होऊन माझ्या दारात उभे. ''अक्का,'' म्हणाले, ''माझ्या हातून वसुली झाली.'' मी पोट धरून हसले, पण त्यांच्या डोळ्यांत खरंच पाणी होतं. मग पुढचे सहा महिने त्यांनी रोज तिच्याकडूनच कोथिंबीर घेतली. आमच्या घरी तेवढे दिवस कोथिंबीर वडी, कोथिंबिरीचं पिठलं, कोथिंबिरीचा भात. आमच्या ह्यांनी शेवटी शेवटी जेवणाआधी ताटात नुसतं बघून सुस्कारा टाकायला सुरुवात केली.

त्याच सुमारास दर गुरुवारी दुपारी तीन-सव्वातीनला आमच्या जुन्या लँडलाइनवर एक फोन यायला लागला. हिंदी बोलणारा पुरुष, नाक चोंदलेलं. ''शहद मिलेगा, दीदी?'' मी म्हणायची, नाही मिळणार. ''ठीक है, दीदी.'' फोन बंद. मी आधीच तापट. तिसऱ्या गुरुवारी झाडलाच त्याला. हे काय मधाचं दुकान आहे? डोकं आहे का जागेवर? तो शांतपणे ''ठीक है, दीदी'' म्हणाला. वरचे आमच्याकडे जेवायला बसले होते, त्यांना मी रागारागाने सगळं सांगितलं. त्यांचा घास हातातच राहिला. ''आवाज कसा होता?'' त्यांनी विचारलं. ''सर्दी झाल्यासारखा.'' त्यांनी डोळे मिटले, आणि मग दोनदा भात मागून घेतला. एरवी चिमणीएवढं खाणारा माणूस.

मग उलगडा झाला. तो एक ट्रकवाला होता. त्या डोंगरात वरच्यांशी मोकळेपणाने बोललेला एकच माणूस. कोणत्या चौकीवर काय द्यावं लागतं, ते वरपर्यंत कुणाकडे जातं, सगळं त्याने सांगितलं होतं. तो बोलला हे तिकडे कळलं असतं तर संपलाच होता. म्हणून दर गुरुवारी फोन करून त्याने मध विचारायचा. फोन आला, म्हणजे माणूस जिवंत. वरच्यांना स्वतःच्या फोनचा भरवसा नव्हता. राजाजीनगरातल्या म्हातारीच्या लँडलाइनला कोण कान लावणार? ''आणि मला न विचारता दिलात माझा नंबर?'' मी कडाडले. ते मान खाली घालून म्हणाले, ''चुकलं, अक्का.'' दोन दिवस मी बोलले नाही. गुरुवारी मात्र पावणेतीनपासूनच फोनजवळ निवडायला भाजी घेऊन बसले.

पुढे त्यांचा अहवाल छापायची वेळ आली. सगळ्यात मोठं प्रकरण त्या ट्रकवाल्याच्या बोलण्यावर उभं होतं. नाव नव्हतं, गावही नव्हतं. पण त्या रस्त्यावर रोज जाणारे असे ट्रक किती? वाचणाऱ्याने दोन दिवसांत ओळखला असता. वरच्यांनी ते प्रकरण काढून टाकलं. संस्थेतले म्हणाले, सगळा जीवच त्या प्रकरणात आहे, ते द्यावंच लागेल. आठवडाभर त्यांच्या खोलीतून येरझाऱ्यांचा आवाज यायचा. एका सकाळी मी चहा घेऊन वर गेले आणि त्यांचाच प्रश्न त्यांना विचारला, ''आणि नाही दिलं तर?''

''नाही दिलं तर माझी नोकरी जाते, अक्का,'' ते म्हणाले. ''दिलं तर तो जातो.''

त्यांनी दिलं नाही. वह्या माझ्याच न्हाणीघरात, माझ्याच बादलीत भिजवून त्यांचा लगदा केला आणि महिन्याभरात नागपूरला आईकडे गेले. आता कुठल्याशा कॉलेजात शिकवतात. जाताना लँडलाइनचं बिल मी भरतो, असं काहीतरी पुटपुटायला लागले, तेव्हा मी त्यांना चांगलंच खडसावलं. खोल्यांत आता महादेवपुऱ्याला नोकरीला जाणारं जोडपं आहे. चांगली आहेत पोरं, पण घाईत असतात. कोथिंबीरसुद्धा मोबाइलवरून मागवतात.

गुरुवारचा फोन चालूच राहिला. मी नागपूरला कळवायची. गेल्या महिन्यात मात्र दोन गुरुवार फोन आला नाही. मी भजनाला गेले नाही, ह्यांना फोनजवळ फिरकू दिलं नाही. संध्याकाळी वरचे फोन करून एवढंच विचारायचे, ''आला?'' मी नाही म्हटलं की ''सरी, अक्का,'' म्हणायचे. आमच्या बेंगळुरूचा तो 'सरी', म्हणजे 'बरं', त्यांच्या तोंडात राहून गेलाय.

तिसऱ्या गुरुवारी तीन वाजून वीस मिनिटांनी घंटी वाजली. ''शहद मिलेगा, दीदी?'' नियमाप्रमाणे मी फक्त नाही म्हणायचं. पण माझ्या तोंडून निघालंच, ''इतने दिन कहाँ थे? जान निकल गयी मेरी.'' मग तो म्हणाला, ''रास्ता बंद था, दीदी.'' आणि जरा थांबून, जबाबदारीने, ''शहद नहीं है ना?'' मी पदराने नाक पुसत म्हटलं, ''नहीं है.''

लगेच नागपूरला फोन लावला. ''आला,'' म्हटलं.

''आवाज कसा होता?''

''सर्दीच आहे अजून मेल्याला.''

ते उठून आत गेल्याचं ऐकू आलं. फोन ठेवायचं त्यांना भान राहिलं नव्हतं. मग लांबून त्यांचा आवाज आला, ''आई, भात उरला आहे का गं थोडा?''