केळीच्या सोपटाचं चिलखत

सावद्याच्या एस.टी. स्टँडवर पुस्तकांचा एक ठेला होता. तिथं दर पंधरवड्याला 'तडिता' या चित्रकथेचा नवा अंक यायचा, आणि पहिली प्रत घ्यायला चाळिशीला टेकलेली, डोक्यावर पदर घेतलेली एक बाई हजर असायची. ठेलेवाला दर वेळी विचारायचा, "पोरासाठी का, अक्का?" ती दर वेळी सांगायची, "नई, माह्यासाठी." तो हसायचा. हसो बापडा. बारा वर्षं हसून त्याला काय मिळालं ते त्याचं त्यालाच ठाऊक.

ही कुंदाबाई झोपे. घरची केळीची बाग, नवरा पितांबर, मोठा दीर जीवरामनाना, आणि एक मुलगी. ती भुसावळला शिकायला होती आणि तिला चित्रकथा म्हटलं की जांभया यायच्या. कुंदाबाई मात्र दुपारी बागेतल्या पाण्याच्या मोटारीच्या खोलीत बसून तडिता वाचायची. तडिता म्हणजे बुडालेल्या जंगलातली योद्धा. अंगावर पानांचं हिरवं चिलखत, तोंडावर मुखवटा, कमरेला पट्टा. तिनं शंभर दुष्टांना लोळवलं असेल, पण कुंदाबाईला तिचं कौतुक वेगळ्याच गोष्टीसाठी होतं. तडिता घराबाहेर पडली की तिला कोणी "कुठी चालली?" म्हणून विचारत नसे.

सात वर्षं कुंदाबाई संपादकांना पत्रं लिहीत होती. चिलखताची गाठ एका अंकात डाव्या खांद्यावर, तर दुसऱ्यात उजव्या खांद्यावर कशी, असली बारीक भांडणं ती पत्रातून उकरायची. पत्रं छापून यायची, पण 'बालमित्रांचे टपाल' या सदरात. संपादकांना वाटायचं, एवढ्या उत्साहानं लिहिणारी ही शाळकरी पोरच असणार. कुंदाबाईनं तो गैरसमज दूर केला नाही. छापतात ना, मग झालं.

एक्क्याण्णव साली दिवाळीच्या सुट्टीत जळगावला तडिताच्या खान्देशातल्या वाचकांचा मोठा मेळावा ठरला. स्वतः चित्रकार मुंबईहून येणार होते. वेशभूषेची स्पर्धा होती. कुंदाबाईच्या नावानं आमंत्रणाचं कार्ड आलं आणि तिनं ते देव्हाऱ्याशेजारी लावलं.

लेवा पाटलांच्या घरात मोठा दीर भावजयीशी थेट बोलत नाही. त्यामुळं ती समोर भाकरी वाढत असतानाच जीवरामनाना भावाला म्हणाले, "पितांबर, तुह्या बायकोले सांग, पोरायच्या जत्रेत सोंग घेऊन नाचायचं तिचं वय नई. झोप्यायचं नाक कापू नको म्हन."

पितांबर बिचारा मधल्या मध्ये. त्यानं बायकोकडे पाहिलं. कुंदाबाईनं नानांच्या ताटात आणखी एक भाकरी वाढली आणि नवऱ्याला म्हणाली, "सांगा त्यायले, सोंग मी घेऊ राह्यली, नाक त्यायचं त्यायच्याजवळच राहील."

चिलखत कशाचं करायचं याचा तिला विचारच करावा लागला नाही. घड उतरवला की केळीचा खांब कापतात. त्या खांबाचे एकावर एक लपेटलेले पापुद्रे म्हणजे सोपट. हिरवं, गार, चकचकीत, आणि वाकवावं तसं वाकणारं. आदल्या दिवशी तिनं सहा खांब सोलले. छातीला दोन मोठे तुकडे, खांद्यांना चार, मनगटांना दोन. दाभणानं भोकं पाडून त्यांत सुतळी ओवली आणि सगळं ओल्या गोणपाटात गुंडाळलं. त्या गोणपाटाबरोबर पिशवीत तिनं आपली चिकाची साडी ठेवली.

आता चिकाची साडी म्हणजे काय, ते केळीच्या मुलखाबाहेरच्यांना सांगायला हवं. केळीचा चीक अंगावर पडतो तेव्हा पाण्यासारखा दिसतो. वाळला की तपकिरी होतो, मग काळा, आणि धोबी आपटून आपटून थकला तरी निघत नाही. म्हणून बागेत जायला प्रत्येक बाईची एक ठरलेली साडी असते, डागांनी भरलेली. ती नेसून कोणी शेजारच्या घरी हळदीकुंकवालाही जात नाही, मग जळगावला जायचं लांबच. पितांबरनं सकाळी तिला स्टँडवर सोडायला म्हणून पिशवी उचलली तर वर ही साडी. त्याला वाटलं, गडबडीत बायकोनं भलतंच भरलं. आपल्या बाईची शहरात शोभा होऊ नये म्हणून त्यानं ती हळूच काढून खुंटीला टांगली आणि तिच्या जागी एक टॉवेल ठेवला. चांगला माणूस, पण विचारायचं सुचलं नाही.

जळगावात सभागृहाबाहेर ही गर्दी! पारोळ्याहून, पाचोऱ्याहून, पार पिंपळनेरहून पोरं आली होती. पुठ्ठ्याची चिलखतं, चमकीच्या तलवारी, रांगेत रडारड, कोणाचा मुखवटा फाटलेला, कोणाचा मुकुट बसमध्ये राहिलेला. कुंदाबाई अर्धा तास रांगेत उभी राहिली. तिला वाटलं, आपण इतकी वर्षं एकट्याच वेड्या नव्हतो. तिला इतका आनंद झाला की तिनं समोरच्या एका अनोळखी पोराच्या ढालीची सुटलेली दोरी आपणहून बांधून दिली.

दारावर संयोजक होते तोतारामसर, गळ्यात शिट्टी. त्यांनी कार्ड पाहिलं, तिच्या मागे पाहिलं. "मुलगी कुठंय?"

"कोनती मुलगी? कुंदा झोपे मीच हाये."

सरांनी कार्ड पुन्हा वाचलं आणि ते मोठ्यानं हसले. "अहो बाई, स्पर्धा मुलांची आहे. आयांनी मागच्या खुर्च्यांवर बसायचं."

मागच्या खुर्च्यांवर आयांची रांग होती, हातात पाण्याच्या बाटल्या आणि मुलांचे डबे. कुंदाबाई तिथं जाऊन बसली. गोणपाट मांडीवर, तोंड तांबडंलाल. शेजारच्या बाईनं अहिराणीत विचारलं, "काय व माय, काय आणेल शे ह्याम्हा?" ती धुळ्याची इंदिराबाई, पोरीला तडिता करून घेऊन आलेली. कुंदाबाईनं गोणपाट उघडून दाखवलं. इंदिराबाई बघतच राहिली. मग हळूच म्हणाली, "गाठ उजवा खांदावर बांधजो. पंचेचाळीस नंबरना अंकमा डावीकडे शे, पण ती चूक शे."

कुंदाबाईनं तिच्याकडे वळून पाहिलं. "तुम्ही वाचता?"

इंदिराबाईनं इकडेतिकडे पाहिलं. "पोर वाचस नही. तिले जबरदस्तीनी आणेल शे. वाचस ते मीच."

मग काय विचारता! दोघी अशा भांडल्या की शेजारच्या बायका खुर्च्या सरकवून बसल्या. भांडण पट्ट्याच्या रंगाचं होतं. रंगीत असायचं ते फक्त मुखपृष्ठ. कधी पट्टा लाल, कधी पिवळा. कुंदाबाई म्हणे लाल, कारण तो तडिताच्या आईच्या लुगड्याचा काठ आहे. इंदिराबाई म्हणे पिवळा. शेवटी दोघी उठून चित्रकारांच्या टेबलापाशी गेल्या. तिथं पाऊण तास रांग. चित्रकार थकलेले होते, मान वर न करता सह्या करत होते.

"मला काय माहीत?" ते म्हणाले. "रंग छापखान्यातला माणूस भरतो. आणि हे बघा, आता वर्षभरात बंदच करतोय आम्ही. कोण वाचतं? पुढे व्हा."

पाणी पडावं तसा सगळा उत्साह विझला. कुंदाबाईला रडूच आलं. बारा वर्षं जिच्याशी मनातल्या मनात बोलली, तिचा पट्टाही त्या माणसाला ठाऊक नव्हता. पण रडू आलं तसाच रागही आला, आणि रागाचा वेग जास्त होता. ती टेबलावर हात ठेवून म्हणाली, "तुम्हाले नसंल माहीत तर राहू द्या. मले माहीत हाये. लाल हाये."

ती थेट सभागृहामागच्या खोलीत गेली आणि पिशवी उपसली. चिकाची साडी नव्हती. तिच्या जागी घडी घातलेला टॉवेल. नवऱ्याचं काम तिच्या लगेच लक्षात आलं. अंगावर होती ती नवी मोरपंखी साडी, भावानं भाऊबीजेला घेतलेली, पहिल्यांदाच नेसलेली. ओल्या सोपटाच्या कडांवर चीक चमकत होता.

"धुवाई जाई व," इंदिराबाई म्हणाली.

"नई निघत. कधीच नई निघत."

"मंग राहू दे ना."

कुंदाबाईनं पदरावरून हात फिरवला. साडी सुंदर होती. भावानं चार दुकानं पालथी घालून आणली होती. ही वाचवायची तर मागच्या खुर्चीवर जाऊन बसायचं, डबा न् बाटली सांभाळायला. तिनं पदर कमरेला खोचला, सोपट छातीला लावलं आणि म्हणाली, "बांध. गाठ उजव्या खांद्यावर."

स्टेजवर पोरांची रांग चालली होती. शेवटच्या पोरामागून कुंदाबाई चढली. पुठ्ठ्याच्या चिलखतांनंतर ते खरं, ओलं, हिरवं चिलखत दिव्यांखाली असं झळकलं की सभागृह गप्प झालं. मग कोणीतरी हसलं, आणि सगळेच हसले. तोतारामसरांनी शिट्टी फुंकली. "बाई, खाली उतरा! वयाची अट आहे!"

"कार्डावर लिहेल नई."

"समजायला नको का? लोक हसताहेत!"

"हसू द्या. माह्या गावचे बारा वर्षं हसू राह्यले, तुमचे तर आत्ता सुरू झाले." आणि ती स्टेजच्या मधोमध जाऊन उभी राहिली, पाय रोवून, तडिता मुखपृष्ठावर उभी राहते तशी. छातीवरून चीक साडीवर ओघळत होता. तो तिला कळत होता, थेंब न् थेंब. तिनं खाली पाहिलं नाही.

तेवढ्यात मागच्या रांगेतून एक बाई धावत आली. इंदिराबाईनं पोरीच्या तोंडावरचा मुखवटा काढून स्वतःच्या तोंडाला लावला होता. तो इवलासा, नाकापाशीच संपणारा. ती धापा टाकत वर चढली आणि कुंदाबाईच्या शेजारी उभी राहिली. "पट्टा पिवळाच शे," ती मुखवट्याआडून कुजबुजली. आता हसणं थांबलं होतं, आणि पुढच्या रांगेतली पोरं टाळ्या वाजवायला लागली होती. पोरांना वयाची अट ठाऊक नव्हती. बक्षीस पाचोऱ्याच्या एका मुलाला मिळालं. रास्तच होतं, त्याची तलवार झकास होती.

तडिता पुढच्या वर्षी बंद पडली. साडीवर छातीपासून निऱ्यांपर्यंत काळे ओघळ कायमचे बसले. पितांबरनं पन्नासदा माफी मागितली आणि दुसरी घेऊन देतो म्हणाला. कुंदाबाई नको म्हणाली. फाल्गुनात जीवरामनानांच्या मुलीचं लग्न निघालं. मांडवात सगळ्या बायका कडक पैठण्या न् शालू नेसून आलेल्या. कुंदाबाई आली ती मोरपंखी साडी नेसून, धुतलेली, इस्त्री केलेली, डागांसकट.

नानांचा चेहरा उतरला. व्याही शेजारीच बसले होते. नाना भावाकडे वळले, "पितांबर, तुह्या बायकोले विचार, हे डाग कायचे?"

पितांबर तोंड उघडणार, तोच कुंदाबाईनं डोक्यावरचा पदर सारखा केला आणि उभ्या जन्मात पहिल्यांदा थेट नानांकडे पाहिलं.

"मले विचारा ना, नाना," ती म्हणाली. "मी इथीच हाये."