चाकाखालचा वाघोबा

देव अडीअडचणीला धावून येतो, असं कुणी म्हणालं की मी हळूच विचारायचो, "कुठल्या गाडीनं?" आई लगेच हात जोडायची. मला नव्हे, देवाला. माझ्या वतीनं माफी मागायला.

त्या साली तिचा पाय मोडला. पिंपळवंडीच्या घरात प्लास्टर उशीवर ठेवून ती पत्र्यावरचा पाऊस ऐकत पडायची. एक दिवस म्हणाली, "मला डोंगराचं पानी दाव, न्हाईतर या भिंती मला खातील." आषाढ सुरू होता. मी माझी जुनी गाडी काढली, आईला मागच्या सीटवर पाय लांब करून बसवलं आणि घोडेगाव मागे टाकून डिंभ्याच्या धरणावरून तळेघरच्या रस्त्याला लागलो. एका बाजूला डोंगरावरून धबधबे कोसळत होते, दुसऱ्या बाजूला खोल खाली धरणाचं पाणी पसरलं होतं.

"समुद्र असाच असतो का रं?"

"असाच. फक्त खारट."

आई लहान पोरीसारखी काचेला नाक लावून बसली होती. मी राजासारखा गाडी हाकत होतो, आणि एका चढावर राजाच्या इंजिनातून वाफ निघाली. गाडी थांबवली. हँडब्रेक ढिला होता, म्हणून कडेच्या गवतात दिसलेला एक उभट, गुळगुळीत दगड उचलून मागच्या चाकाला लावला. घाईत गिअर टाकायचं मात्र राहिलं. बाटली घेऊन झऱ्याकडे निघालो.

मागून 'कट्' असा आवाज आला, हँडब्रेक सुटला होता. वळून पाहिलं तर गाडी मागे सरकत होती. तिच्या मागे वळण होतं, वळणाला कठडा नव्हता आणि खाली पाणी. आई आत. तिला स्वतःहून दारसुद्धा उघडता येत नव्हतं. मी धावलो, पण पाय जागच्या जागी फिरावेत तसं झालं. देवाला हाक मारण्याइतकाही वेळ मला मिळाला नाही, हे मी शपथेवर सांगतो.

चाक दगडावर चढलं. दगड कलला, चिखलात रुतला. गाडी थरथरली आणि थांबली.

काच खाली करून आई म्हणाली, "आरं, तू तर भाईर हायेस. मग गाडी कोन चालवतंय?"

शेजारच्या खाचरात भाताची लावणी चालली होती. तिथून डोक्यावर इरलं घेतलेली एक बाई धावत आली, चाकाखाली वाकली आणि ओरडली, "अगं बया! पावणं, वाघोबा घातलाय तुमी चाकाखाली! आमचा वाघोबा!"

मी नीट पाहिलं. पावसानं शेंदूर धुऊन गेला होता. एका खाचेत तेवढा नखभर उरला होता. दगड ओढून काढायला वाकलो, तर तिनं माझं मनगट धरलं.

"येडं का खुळं! म्हातारी आत हाय ना? राहू द्या त्याला तितंच. आधी दुसरा धोंडा आना."

बाकीच्या बायाही आल्या. त्यांनी मोठा धोंडा दुसऱ्या चाकाला लावला, मी झऱ्याचं पाणी आणून इंजिनात ओतलं आणि पहिल्या गिअरमध्ये गाडी पुढच्या सपाटीवर नेली. मग मी त्या बाईची क्षमा मागू लागलो.

"राग कशाला यील त्याला?" ती हसली. "वरीसभर नुसता बसून व्हता. आज कामाला लागला."

वाघोबाला येणाजाणाऱ्यानं हिरवी डहाळी वाहायची, अशी तिथली रीत. आईला उतरता येईना. तेव्हा त्या बाईनं देवच उचलला, झऱ्याखाली धुतला आणि गाडीच्या दाराशी आणला. मी डहाळी तोडून आईच्या हातात दिली. तिनं ती वाहिली.

मी आयुष्यभर स्टिअरिंग घट्ट धरून बसलेला माणूस. त्या दिवशी माझ्या हातात काहीच नव्हतं, आणि तरीही आई सांभाळली गेली. हे कसं घडलं, याची उलटतपासणी मी आजवर केलेली नाही. नमस्कार करावासा वाटतो, तेवढा करतो.

देवाच्या पाठीवर टायरचा काळा पट्टा राहिला होता. आईनं पदर ओला करून तो हलक्या हातानं पुसला आणि खाली वाकून त्याला विचारलं, "लई लागलं का रं, बाबा?"