दुसरी घागर

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आमच्या खानदेशात पितरांसाठी पाण्याने भरलेली घागर पुजतात. गेलेल्या माणसांनाही उन्हाळ्यात तहान लागते, असं आम्ही मानतो. एरंडोलजवळच्या खेड्यात माझ्या आत्याकडे एकच घागर असायची, तिच्या नवऱ्याची.

त्या वर्षी सीमेवर पेटलं होतं आणि आत्याचा फौजेतला एकुलता एक मुलगा तिथेच होता. कितीतरी दिवस त्याचा फोन नव्हता. ओट्यावर जमलेले पुरुष मोबाइल बघत म्हणत होते, टाका एकदाचा अणुबॉम्ब, विषय संपवा. मी जळगावला कॉलेजात इतिहास शिकवते, माझं डोकंच फिरलं. अरे, माणसं म्हणजे काय कपाशीवरची अळी आहे, फवारलं की संपली? शेजारचे एक नाना शांतपणे म्हणाले, जपानवर टाकला तेव्हाच लढाई थांबली ना, पुढे मरणारे वाचलेच ना? हाच प्रश्न मी दरवर्षी परीक्षेत घालते आणि दोन्ही बाजू लिहिणाऱ्याला पूर्ण मार्क देते. त्या दिवशी मला दुसरी बाजू सुचेना. मी तिथलं भडाभडा सांगत सुटले. अंगाची कातडी लोंबणारी माणसं, शाळेत निघालेली पोरं, सगळ्यांचं एकच मागणं, पाणी द्या. आणि द्यायला घरात कुणी उरलेलंच नाही.

आत्या दारात उभी राहून ऐकत होती. ती एवढंच म्हणाली, "मना पोऱ्या घर येत व्हई, ते टाकू द्या."

तिचा पोरगा घरी येत असेल तर टाकू द्या! तिला काय सांगणार, कपाळ?

पूजेच्या वेळी तिने पाटावर घागर मांडली आणि शेजारी दुसरी ठेवली. ती बघून सुनेने हंबरडाच फोडला. नवऱ्याचं काहीतरी कळलंय आणि आपल्यापासून लपवलंय, असंच तिला वाटलं. घरात रडारड सुरू झाली. आत्याने तिला पोटाशी धरलं, त्याची नाही गं माय, म्हणाली, आणि माझ्याकडे बोट केलं. हिने सांगितलं ना, बॉम्ब पडतो तिथे पाणी द्यायला कुणी उरत नाही म्हणून. ही घागर त्यांची.

लढाई थांबली. बॉम्ब कुणी टाकला नाही. मुलगा धडधाकट घरी आला, देवाची कृपा.

पुढच्या आखाजीला मी गेले तेव्हा तो अंगणातल्या निंबाला झोका बांधत होता, आणि घरात पाटावर पुन्हा दोन घागरी होत्या. मला राहवलं नाही. म्हटलं, आत्या, आता ही कशाला? तसं कुणी मेलं तर नाही ना.

तिने दुसऱ्या घागरीवर खरबूज ठेवलं, कुंकू लावलं. माझ्याकडे बघितलं नाही.

"मी ते टाकू द्या म्हनं व्हतं ना, बाई."